सीबीसी नॉर्मल, मग नागीण कशी?

नाशिक

प्रिय मीना,

पत्र मिळालं. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, नॉर्मल असताना अण्णांना नागीण कशी झाली, असं तू विचारलंस. त्यांची आग जरा कमी झाली का? गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्या, हे फार बरं झालं.

आधी तुझ्या आत्यांचं. नागिणीची दोन टोकं मिळाली की माणूस जातो, ही त्यांची भीती डोक्यातून काढ. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी आयुष्यभर दडून असतो. जागा झाला की एकाच मज्जातंतूच्या वाटेने, अंगाच्या एकाच बाजूला उमटतो. विळखा पुरा व्हायचा कसा?

इतकी वर्षं त्याला दाबून ठेवलं होतं ते टी-पेशींनी, म्हणजे लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींतल्या एका प्रकाराने. सीबीसीत सगळ्या लिम्फोसाइट एकाच आकड्यात येतात. त्यातल्या कोऱ्या, म्हणजे अजून कुठल्याही जंतूशी गाठ न पडलेल्या किती आणि जुन्या किती, ते कळत नाही. टी-पेशी घडतात छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत. १९६१ साली शास्त्रज्ञ जॅक मिलर यांनी उंदरांच्या पिल्लांमधून ती काढून तिचं महत्त्व दाखवलं, तोवर तिला कोणी विचारतही नव्हतं. वयात आल्यावर ती झपाट्याने आक्रसते, जागी चरबी भरते. म्हातारपणी नव्या टी-पेशी जेमतेम बाहेर पडतात. जुन्याच दुभागून संख्या राखतात. शिक्षकभरती बंद पडलेल्या शाळेसारखं: हजेरीपट भरलेला, पण नवा विषय शिकवायला कोणी नाही.

त्यात सायटोमेगॅलो विषाणू. आपल्याकडे बहुतेक मोठ्या माणसांत तो मुक्कामाला असतो. त्रास देत नाही, पण त्याच्यावरच्या पहाऱ्यात टी-पेशींचा मोठा हिस्सा अडकून पडतो. 'आमच्या घराण्यातच प्रतिकारशक्ती कमी' असं अण्णा म्हणतात ना? २०१५ च्या एका अभ्यासात एकसारख्या जुळ्यांपैकी एकालाच हा विषाणू होता, तिथे दोघांच्या रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या निम्म्याहून जास्त मोजमापांत फरक निघाला. घराण्याला कशाला बोल लावायचा!

आता नागिणीची लस. जुनी, जिवंत विषाणूची लस सत्तरीपुढे लंगडी पडायची. नवीत विषाणूचं एकच प्रथिन आहे आणि सोबत पेशींना डिवचणारं पूरक द्रव्य. सत्तरीपुढच्यांतही तिने सुमारे ९० टक्के संरक्षण दिलं. नीट डिवचलं तर म्हाताऱ्या पेशीही कामाला लागतात, याचं मला अजून अप्रूप वाटतं. डोस दोन, अंतर २ ते ६ महिने. महाग आहे, हे खरं.

'एकदा होऊन गेली की' असं अण्णा म्हणतील. पुन्हा होऊ शकते. फोड पूर्ण वाळले की डॉक्टरांना विचार. काकूंनी मात्र थांबायचं काही कारण नाही. त्यांना याच महिन्यात घेऊन जा.

तुझी,
वंदना