नवजात बाळांच्या सिकलसेल तपासणीबाबत केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

माझा मुलगा गेल्या आठवड्यात अतिदक्षता विभागातून बाहेर आला. त्याची प्लीहा अचानक फुगली, अंगातले रक्त तिथेच साठत गेले आणि तो पांढराफटक पडला, तेव्हा कुठे त्याला सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार असल्याचे आम्हाला कळले. त्याआधी त्याच्या हातापायांची बोटे सुजत. मोजा चढवायला गेले तरी तो किंचाळत असे, आणि मुका मार लागला असेल असे सांगून आमची बोळवण केली जाई. मी वाहक, म्हणजे या आजाराचे जनुक अंगी असलेली, असल्याचे गरोदरपणातच नोंदले गेले होते. बाळाची तपासणी करा म्हणून मी विनवले, तर ‘मोठा झाल्यावर बघू’ एवढेच उत्तर मिळाले.

आपल्या सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू करताना ० ते ४० वयोगटातील सात कोटी लोकांच्या तपासणीचे वचन दिले. त्या शून्यात माझे बाळ बसत नव्हते का? शिबिरांतली सोल्युबिलिटी चाचणी, म्हणजे सिकलसेलचे हिमोग्लोबिन ओळखणारी झटपट रक्तचाचणी, तान्ह्या बाळांना उपयोगाची नाही, कारण पहिले काही महिने त्यांच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिनच जास्त असते. त्यांच्यासाठी टाचेला टोचून रक्ताचे थेंब गाळणकागदावर वाळवायचे आणि हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या एचपीएलसी तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवायचे, एवढेच करावे लागते. इंग्लंडमध्ये २००६ पर्यंत ही तपासणी प्रत्येक बाळासाठी लागू झाली.

वेळीच कळले की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून पेनिसिलिन देता येते. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी औषध-चाचणीत त्याने घातक जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी घटवला होता. प्लीहा कशी चाचपायची हे आईला शिकवता येते. मला कुणी शिकवले असते, तर तो फुगवटा माझ्या हाताला आधीच लागला असता.

परंतु आपल्या यंत्रणेला किती माणसे तपासली आणि तपासणीच्या निकालाची किती कार्डे वाटली याचीच मोजदाद ठाऊक आहे. किती बाळांना पेनिसिलिन सुरू झाले, हे कोण विचारतो? २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचे उद्दिष्ट गाठेपर्यंत जन्मणाऱ्या मुलांनी आजारी पडूनच आपले निदान करून घ्यायचे, ही व्यवस्था मला मान्य नाही.

ज्या जिल्ह्यांत सिकलसेल आढळतो, तेथील प्रत्येक प्रसूतिगृहात आईला घरी सोडण्यापूर्वी बाळाचा नमुना घेणे आणि बाळ दोन महिन्यांचे होण्याआधी अहवाल तिच्या हाती देणे कोणत्या तारखेपासून बंधनकारक होईल, हे कृपया लेखी कळवावे.

आपली,
एका सिकलसेलग्रस्त बाळाची आई