सईला पत्र: लेस्टरशायर राऊंड आणि वहिवाट

चि. सई,

काल फोनवर म्हणालीस की ईस्टरच्या चार सुट्ट्यांत तुम्ही मैत्रिणी मिळून अख्खा लेस्टरशायर राऊंड, म्हणजे इंग्लंडमधल्या त्या कौंटीला (जिल्ह्याला) वळसा घालणारी ती लांब पायवाट, उरकणार, आणि लगेच पुढे हेही म्हणालीस की, बाबा, लोकांच्या शेतातून जायला कसंतरीच वाटतं गं बाई. पहिल्या मुद्द्यावर एवढंच सांगतो, राऊंड आहे 100 मैलांचा म्हणजे 160 किलोमीटरचा, चारने भागून बघ. दुसऱ्यावर मात्र मी सविस्तर बोलणार, तलाठ्याच्या नोकरीत जन्म गेला माझा वहिवाटीची भांडणं बघण्यात.

अगं शेत त्याचं असलं तरी वाट सगळ्यांची आहे. 1949 च्या कायद्याने तिथल्या कौंट्यांना पायवाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले, त्यात वाट लागली की शेतकऱ्याला ती परस्पर बंद करता येत नाही की वळवता येत नाही. आपल्याकडे गावनकाशात पाणंद असते आणि जागेवर जाऊन बघावं तर ऊस डुलतोय! तिकडे शेताच्या मधून जाणारी वाट नांगरली तर 14 दिवसांत किमान 1 मीटर रुंदीची परत काढून द्यावी लागते, हा 1990 चा कायदा. मी मे महिन्यात तुझ्याकडे होतो तेव्हा तू ऑफिसला गेलीस की बस पकडून जायचो ना, तेव्हा एका शेतात रेपसीड, म्हणजे मोहरीसारखं तेलबियांचं पीक, छातीपर्यंत आलेलं, सगळं पिवळंधमक, आणि मधोमध ही एवढी पट्टी मोकळी सोडलेली, कुंपणापासून कुंपणापर्यंत सरळ. पलीकडे पोचलो तर शर्ट दोन्ही बाजूंनी हळद लागल्यासारखा. शेतकरी ट्रॅक्टरवर होता, त्याने हात केला फक्त. मी तर तिथेच उभा राहून ती पट्टी बघत बसलो, आमच्या साहेबांना फोटो पाठवावासा वाटला.

पण हे आपोआप नाही झालेलं. तिथली फूटपाथ असोसिएशन 1887 पासून ह्या वाटांच्या मागे लागलीय, राऊंड आखला तोही त्यांनीच. त्यामुळे तू बिनधास्त चाल, पिवळ्या टोपीचे खांब बघत जा, त्या कौंटीत पायवाटांना तेच लावतात, पीक उंच असलं तरी लांबून दिसतात.

ब्रॅडगेट पार्क सुंदर आहे, हरणं आहेत, नऊ दिवसांच्या राणीचा, लेडी जेन ग्रेचा पडका वाडा आहे, पण सुट्टीत तिथे तोबा गर्दी, लवकर पुढे निघा. बरो हिलला लोहयुगातला किल्ला म्हणतात, आपल्या माणसाने गड म्हणून जाऊ नये, मातीचे बांध आहेत, वारा मात्र गडासारखाच. फॉक्सटनला वेळ काढ. 1814 चे दहा लॉक, म्हणजे कालव्यात बोट पायरी-पायरीने वर-खाली नेणारे दारं लावलेले हौद, बोट 75 फूट चढते नाहीतर उतरते, आणि पाणी सोडायच्या झडपा, म्हणजे पॅडल, फिरवताना आधी लाल रंगाचं मग पांढरं हा क्रम चुकला की पाणी भलतीकडे जातं, म्हणून लॉकवाले डोळ्यात तेल घालून उभे असतात. मी तिथे किती वेळ बसलो ते आईला सांगू नकोस.

आणि बॉसवर्थ! 1485 ला इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड लढाईत जिथे पडला ती टेकडी म्हणून इतकी वर्षं लोक अँबियन हिल दाखवायचे, तिथेच लढाईची माहिती देणारं सेंटर बांधलं, आणि 2009-10 ला कळलं की रणांगण तिथून दोनेक मैल लांब. मोजणीत एवढा फरक निघाला तर आमच्याकडे चौकशी लागली असती.

तर माझं ऐकशील तर ह्या ईस्टरला फक्त फॉक्सटन ते बरो हिल करा, आणि सोमवारी हॅलाटनला असाल असं बघा. त्या दिवशी हॅलाटन आणि मेडबोर्न ही दोन गावं छोट्या लाकडी पिंपांवरून शेतात, ओढ्यात अक्षरशः झोंबाझोंबी करतात, बॉटल किकिंग म्हणतात त्याला. लांबून बघा, मधे शिरू नका. बाकीचा राऊंड कुठे पळत नाही, शनिवार-शनिवार तोडून करा, रविवारी खेड्यांकडे बसचा भरवसा नसतो.

गेट जसं सापडेल तसंच ठेवायचं, उघडं तर उघडं. आणि वासरंवाल्या गाई वाटेत उभ्या असल्या तर कायदा, हक्क, बाबा काय म्हणाले, सगळं बाजूला ठेव आणि कुंपणाकडून लांब वळसा घे, त्यांना 1949 चा कायदा माहीत नाही.

तुझा
बाबा