मिरीचे रोप घेण्याआधी पेर बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत गॅलरीत लावायच्या मसाल्याच्या झाडांवर लेख होता. लेख चांगला, पण मिरीच्या बाबतीत छायाचित्र झुडपी मिरीचे आणि मजकूर वेलीचा, अशी सरमिसळ झाली आहे. नर्सरीतही सर्रास हीच सरमिसळ चालते आणि गिऱ्हाइकाचे पैसे फुकट जातात, म्हणून हे पत्र.

माझे माहेर सावंतवाडीकडचे. पोफळीवर चढलेल्या मिरवेली लहानपणापासून बघितलेल्या. या वेलीला दोन तऱ्हेच्या फांद्या येतात. एक सरळ वर चढणारी. तिच्या पेरापेराला, म्हणजे पान फुटते त्या सांध्याला, बारीक मुळ्या फुटतात आणि त्यांच्या आधाराने ती खोडाला चिकटून राहते. दुसरी आडवी पसरणारी. तिला अशा मुळ्या नसतात, पण घोस लागतात ते हिलाच. चढत्या फांदीचे छाट, म्हणजे कापलेले तुकडे, लावले तर वेल होते. आडव्या फांदीचे लावले तर ते झुडूपच राहते आणि वर्षा-दोन वर्षांत कुंडीतच मिरी धरू लागते.

नर्सरीत ‘कुंडीतली मिरी’ म्हणून बहुतेक ठिकाणी मिळते ती वेल. आमच्या सोसायटीत एका घरी ती ग्रीलमधून मनी प्लांटसारखी खाली दोन मजले लोंबते आहे. दिसते छान. दाणा मात्र एक नाही, आणि लोंबत राहिली तर येणारही नाही, कारण चढायला आधार मिळाल्याशिवाय ती आडव्या फांद्या फोडत नाही. विकताना मात्र ‘ताई, पुढच्या वर्षी मिरीच मिरी’ असे सांगितलेले.

यामागचे कारण साधे आहे. चढत्या आणि जमिनीवर सरपटणाऱ्या फांद्यांना मुळे पटकन फुटतात, शेकड्यांनी रोपे होतात. आडव्या फांदीचे छाट नखरेल. संजीवकात (मुळे फुटायच्या औषधात) बुडवून, प्लास्टिकखाली दमट ठेवूनही बरेचसे वाया जातात. म्हणून झुडपी मिरी महाग पडते. महाग विकायलाही माझी हरकत नाही, पण काय विकतोय ते पिशवीवर लिहा! निदान सरकारी आणि कृषी विद्यापीठांच्या रोपवाटिकांनी तरी ‘वेल’ की ‘झुडूप’ हे छापावे आणि जातही नोंदवावी. पन्नियूर-१ ही केरळात कण्णूर जिल्ह्यात तयार झालेली, १९७१ साली प्रसारित केलेली संकरित जात दाट सावलीपेक्षा मोकळ्या उजेडात बरी येते. शहरातल्या गॅलरीसाठी हे कळणे महत्त्वाचे आहे. तोवर गिऱ्हाइकाने रोप हातात घेऊन पेर बघावे. मुळ्यांची मिशी दिसली की समजावे, ही वेल.

आता झुडूप लावायचे कसे, तेही थोडे. सकाळचे कोवळे ऊन पुरते. एप्रिल-मेचे दुपारचे ऊन पाने करपवते. पाणी साचलेले मिरीला अजिबात चालत नाही. पावसाळ्यात पानांवर काळे डाग पडून झाड बघता बघता माना टाकते, ती फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूची मर. कुंडीला भोके हवीत, मातीत वाळू आणि शेणखत हवे, आणि पावसाच्या तोंडावर एक टक्का बोर्डो मिश्रणाची (मोरचूद आणि चुन्याच्या पाण्याची) फवारणी. बुंध्यातून एखादी सरळ चढती फांदी निघालीच तर ती लगेच खुडावी, नाहीतर झुडपाचा जोर तिकडे जातो. लागवडीतल्या मिरीच्या फुलात नर-मादी दोन्ही असतात, तेव्हा ‘नर वेल’ वेगळी विकणाऱ्यापासून सावध. पराग पसरायला पावसाचे थेंब मदत करतात. कुंडी स्लॅबखाली असेल तर कोवळ्या घोसांवर पाणी शिंपडावे.

फुलापासून दाणा तयार व्हायला सहा ते आठ महिने लागतात. तोवर हिरव्यागार पानांत लोंबणारे घोस बघायचे, शोभेचे झाड म्हणूनही ते कमी नाही. हिरवे कोवळे घोस लिंबाच्या रसात आणि मिठात घातले की लोणचे होते. भातावर वरण-तूप आणि बाजूला हा एक घोस, मला दुसरे काही लागत नाही. घोसात एखाददुसरा दाणा पिवळा-लाल झाला की अख्खा घोस काढावा, दाणे मोकळे करून फडक्यात बांधून मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवावेत आणि उन्हात टाकावेत. एकसारखे काळेभोर होतात. तीन किलो ओल्या दाण्यांची जेमतेम किलोभर मिरी उतरते, तेव्हा कुंडीतल्या उत्पन्नावर वर्षाचे पापड निघतील अशी आशा ठेवू नये. पूर्ण लाल झालेले दाणे आठवडाभर पाण्यात ठेवून, पाणी रोज बदलून, साल चोळून काढली की तीच पांढरी मिरी. बाजारात तिचा भाव विचारून बघा.

जूनमध्ये रोपांची विक्री सुरू होते. पिशव्यांवर ‘वेल’ की ‘झुडूप’ हे त्याआधी छापून यावे, एवढे संबंधितांच्या कानावर घालावे ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली (पूर्व)