‘हे पोट माझं नाही’: लाइफ क्लासमधल्या ताईंना आभारपत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

आमच्या लाइफ क्लासच्या, म्हणजे समोरच्या विवस्त्र मॉडेलवरून चित्र काढायला शिकण्याच्या वर्गाच्या, चौथऱ्यावर तुम्ही कित्येक वर्षे बसलात, उभ्या राहिलात, कुशीवर पडून राहिलात, आणि समोरच्या आम्ही पंधरा-वीस जणांनी तुमच्याकडे पाहून रेषा शिकून घेतली. सत्र संपले की शिक्षकांचे आभार मानले जातात आणि प्रदर्शन झाले की पाहुण्यांचे. मॉडेलचे आभार कोणी मानल्याचे मला आठवत नाही, आणि मीही ते कधी मानले नाहीत. माझ्या आत्मचित्रांची मालिका आता पूर्ण झाली आहे. तिच्यातले पहिले चित्र तुमच्या एका वाक्यामुळे सुरू झाले, म्हणून हे पत्र. खाजगीत लिहिण्याऐवजी ते उघड लिहिते आहे, कारण माझ्यासारखीच चूक करत बसलेल्या आणखी काही जणी ते वाचतील अशी आशा आहे. तुमचे नाव मात्र येथे घेतलेले नाही. त्याविषयी शेवटी एक विनंती आहे.

त्या दिवशी चाळीस मिनिटांची पोझ होती. तुम्ही स्टुलावर बसला होता, एक हात मांडीवर, मान किंचित डावीकडे वळलेली. विश्रांतीच्या वेळी अंगावर चादर गुंडाळून तुम्ही आमच्या ईझलांमधून, म्हणजे चित्र टेकवायच्या घोड्यांमधून, फिरत आलात, माझ्या कागदापुढे थांबलात आणि म्हणालात, “चांगलं काढलंयस. पण हे पोट माझं नाही. कुणाचं घेतलंस?”

मी हसून वेळ मारून नेली. पुन्हा पोझ सुरू झाल्यावर पाहिले, तर तुमचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मांडीवरची सावली बरोबर होती, खांद्याचा उतार बरोबर होता. पण बसल्यामुळे पोटावर पडलेल्या दोन वळ्या मी एका सरळ रेषेत उरकल्या होत्या, बेंबीखालचा शस्त्रक्रियेचा व्रण काढलाच नव्हता आणि स्तन होते त्याहून दोन बोटे वर नेऊन ठेवले होते. यातले काहीही मी ठरवून केलेले नव्हते. घरी जाऊन जुन्या वह्या उघडल्या, तेव्हा तीन वर्षांच्या कामात, समोर कोणतीही स्त्री बसलेली असो, तेच एक सपाट, विशीतले पोट सापडले. मला खरी लाज वाटली ती पुढच्या गोष्टीची. आमच्या वर्गात अधूनमधून येणाऱ्या वयस्क पुरुष मॉडेलचे सुटलेले पोट मी प्रत्येक वेळी जसेच्या तसे, अगदी आवडीने काढलेले होते. म्हणजे हाताला पाहता येत होते. स्त्रीच्या शरीरापुढे आला की तो पाहायचे सोडून दुरुस्ती करायला बसत होता.

ही दुरुस्ती मी कोठे शिकले, याचा शोध घेताना मी चित्रकर्तींकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. त्यांच्यात मला सर्वांत जवळची वाटली ती फ्रेंच चित्रकर्ती सुझान व्हालादाँ, कारण ती आधी तुमच्या जागी होती आणि मग माझ्या. 1865 मध्ये जन्मलेली ही गरीब घरची मुलगी पॅरिसमध्ये रन्वार, तुलूझ-लोत्रेक, प्युव्ही द शाव्हान अशा चित्रकारांपुढे मॉडेल म्हणून उभी राहत असे. चित्रकलेच्या शाळेची पायरी ती कधी चढली नाही. पोझ देता देता समोरच्याचा हात कसा चालतो ते पाहून ती शिकली, आणि पुढे तिची रेखाटने देगा या नामवंत चित्रकाराने विकत घेतली. रन्वारच्या 1883 मधल्या नृत्याच्या प्रसिद्ध चित्रात जी गुलाबी, हलकी, पुरुषाच्या मिठीत झुकलेली तरुणी दिसते, ती हीच. त्याच वर्षी तिने स्वतः काढलेल्या आत्मचित्रातला चेहरा मात्र कठोर आहे, ओठ मिटलेले आहेत आणि कोणाला आवडावे अशी इच्छा त्यात कोठेही नाही. एकच बाई, एकच वर्ष. ही दोन चित्रे मी शेजारी शेजारी लावून ठेवली, आणि मला वाटते, माझे निम्मे शिक्षण तेथेच झाले. साठी ओलांडल्यानंतर, 1931 मध्ये, तिने गळ्यात माळ घातलेले उघड्या छातीचे आत्मचित्र रंगवले. त्यात वय लपवलेले नाही आणि वयाचे दुःखही केलेले नाही. समोर आहे ते रंगवले आहे, एवढेच.

स्त्रीच्या शरीराचा आणि चित्रकलेचा विषय निघाला की सर्वांना मेक्सिकोची चित्रकर्ती फ्रिडा काहलो आठवते. ते योग्यच आहे, पण तिच्याविषयी एवढे बोलले गेले आहे की मला येथे पाउला मोडरझोन-बेकरविषयी सांगावेसे वाटते. 1906 मध्ये या जर्मन चित्रकर्तीने आपल्या लग्नाच्या वाढदिवशी स्वतःचे चित्र काढले. कमरेपर्यंत उघडे अंग, गळ्यात मण्यांची लांब माळ, आणि दोन्ही हात फुगलेल्या पोटावर अलगद ठेवलेले. एखाद्या स्त्रीने काढलेले स्वतःचे नग्न चित्र म्हणून ज्ञात असलेल्या चित्रांत हे पहिले मानले जाते. गंमत अशी की, तेव्हा ती गरोदर नव्हती. नवऱ्यापासून दूर पॅरिसमध्ये एकटी राहून काम करत होती. ते पोट नेमके कशाचे, यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. मला एवढेच दिसते की, मी जे पोट खोडत होते ते तिने नसताना काढले. पुढच्याच वर्षी मुलीच्या जन्मानंतर तीन आठवड्यांच्या आत ती गेली, तेव्हा ती अवघी 31 वर्षांची होती.

शरीर आहे तसे काढण्याची सवय स्त्रियांच्या हातांना उशिरा का लागली, याचे एक अगदी साधे कारण आहे, आणि तुम्ही रोज ज्या चौथऱ्यावर चढता त्याच्याशीच ते निगडित आहे. त्या चौथऱ्यासमोर बसण्याची स्त्रियांना परवानगीच नव्हती. लंडनची रॉयल अकादमी 1768 मध्ये स्थापन झाली तेव्हा तिच्या संस्थापकांमध्ये अँजेलिका काउफमन आणि मेरी मोझर या दोघी चित्रकर्ती होत्या. तरीही योहान झोफानी या चित्रकाराने अकादमीच्या सभासदांचे समूहचित्र काढले तेव्हा या दोघींना भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत बसवले, कारण खोलीत नग्न पुरुष मॉडेल होता. अकादमीच्या शाळेत विद्यार्थिनींना लाइफ क्लास मिळाला तो 1893 मध्ये, आणि तोही मॉडेलचे अंग काही प्रमाणात झाकून. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया अकादमीतले एकोणिसाव्या शतकातले एक छायाचित्र तुम्हाला दाखवायचे राहून गेले. त्यात स्त्रियांचा शिल्पकलेचा वर्ग भरला आहे आणि मधोमध मॉडेल म्हणून एक गाय उभी आहे. तुम्ही पाहिले असते तर पोझ मोडून हसला असता.

ब्रिटिश चित्रकर्ती लॉरा नाइटलाही विद्यार्थिदशेत लाइफ क्लासमध्ये बसू दिले नव्हते. तिने त्याची परतफेड 1913 मध्ये एका चित्रातून केली. त्यात ती पाठमोरी, टोपी आणि लाल जाकीट घालून उभी आहे, समोर तिची कलावंत मैत्रीण एला नेपर विवस्त्र उभी आहे, आणि कॅनव्हासवर एलाचे चित्र आकार घेते आहे. रॉयल अकादमीने हे चित्र नाकारले. त्याच अकादमीने 1936 मध्ये तिला पूर्ण सभासदत्व दिले, आणि निवडून आलेली ती पहिली स्त्री ठरली. त्या चित्रात चितारणारी आणि चितारली जाणारी एकाच चौकटीत आहेत, दोघीही कामात आहेत. तुमच्या-माझ्यातले नाते मला त्यातल्यासारखे असायला हवे होते. तुमच्या त्या प्रश्नापर्यंत ते तसे नव्हते; मी तुमच्याकडे पाहत होते आणि तुम्ही भिंतीकडे.

आता तुमच्या खऱ्या मदतीविषयी. स्वतःचे चित्र काढायचे ठरवले तेव्हा मी सहा महिने केवळ चेहरा काढत राहिले. मानेखाली उतरायचे धैर्य होत नव्हते, आणि कारण म्हणून मी आरसा लहान असल्याचे सांगत असे. मोठा आरसा आला, तरी रेखाटने लाकडासारखी येत होती. मग एका संध्याकाळी वर्ग संपल्यावर तुम्ही माझ्यासाठी थांबलात आणि पोझ कशी धरतात ते मला शिकवलेत. दोन्ही तळपायांभोवती खडूने खुणा करून घ्यायच्या, म्हणजे विश्रांतीनंतर पाऊल त्याच जागी पडते. नजरेसाठी भिंतीवरचा एक ठिपका निवडायचा. ज्या पायावर भार आहे त्याला मुंग्या येणार हे आधीच मान्य करायचे. आणि पोटाविषयी तुम्ही म्हणालात, “आत ओढू नकोस. पाच मिनिटं जमतं, मग दम लागतो आणि ते बाहेर येतंच. तुझं चित्र अर्धं झालेलं असतं आणि पोट बदललेलं असतं. आधीच सोड.” तुम्ही हे कारागिरीचा भाग म्हणून, अगदी व्यवहारी सुरात सांगितलेत. मी आरशापुढे उभी राहिले, श्वास सोडला, आणि बाराव्या वर्षापासून आत ओढून धरलेले पोट त्या दिवशी प्रथम पाहिले.

त्या पहिल्या चित्राला चौदा महिने लागले. मध्ये दोनदा मी ते भिंतीकडे तोंड करून ठेवले. अशा वेळी अमेरिकन चित्रकर्ती ॲलिस नीलचा आधार वाटे. इतरांची, विशेषतः गरोदर स्त्रियांची, निर्भीड चित्रे काढणाऱ्या या बाईने स्वतःचे नग्न चित्र 1975 च्या सुमारास सुरू केले आणि ते पूर्ण केले 1980 मध्ये, ऐंशीव्या वर्षी. पट्ट्यापट्ट्यांच्या खुर्चीत ती बसली आहे, डोळ्यांवर चष्मा, एका हातात कुंचला, दुसऱ्या हातात फडके, पोट मांडीवर विसावलेले, आणि गाल लालबुंद. ते चित्र काढताना आपला जीव जायची वेळ आली होती, म्हणून गाल इतके लाल झाले, असे तिने सांगून ठेवले आहे. तिलाही ते सोपे गेले नाही, ही गोष्ट मला कोणत्याही कौतुकापेक्षा अधिक उपयोगी पडली.

प्रदर्शनाच्या वेळी आयोजकांनी भिंतीवरच्या मजकुरात ‘स्त्री सक्षमीकरण’ हा शब्द घालावा असे सुचवले. मी तुम्हाला विचारले, तेव्हा तुम्ही म्हणालात की त्या दिवशी तुमचा गुडघा दुखत होता, बाकी काही तुमच्या लक्षात नाही. मी तो शब्द घातला नाही. शब्द वाईट नाही, पण तो चित्राआधी वाचला गेला की प्रेक्षक चित्रात विजय शोधू लागतात, आणि माझ्या चित्रांत विजय नाही. त्यांत एक बाई उभी आहे आणि तिच्या एका पायाला मुंग्या आल्या आहेत. त्यापेक्षा गरिला गर्ल्स या स्त्री-कलावंतांच्या निनावी गटाचे 1989 चे भित्तिपत्रक मला अधिक नेमके वाटते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आधुनिक कलेच्या दालनांतले पाच टक्क्यांहून कमी कलावंत स्त्रिया आहेत, पण नग्नचित्रांपैकी 85 टक्के स्त्रियांची आहेत, असे त्यांनी मोजून लिहिले होते. त्या 85 टक्क्यांत तुम्ही आहात, ताई, आणि तुमचा हिशेब कोणीच ठेवलेला नाही.

म्हणून ही विनंती. अमृता शेरगिलने पॅरिसमध्ये शिकत असताना, 1933 मध्ये, उतारवयाकडे झुकलेल्या, थकलेल्या एका मॉडेलचे चित्र काढले. त्यात सजावट नाही, दया नाही, आणि सौंदर्याची दुरुस्तीही नाही. विशीतल्या मुलीला एवढे कसे दिसले याचे मला अजून नवल वाटते. पण चित्राचे शीर्षक आहे ‘व्यावसायिक मॉडेल’. त्या बाईचे नाव शीर्षकात नाही. एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराच्या ‘ऑलिंपिया’ या नग्नचित्रासाठी मॉडेल झालेली व्हिक्तोरीन म्यराँ पुढे स्वतः चित्रकार झाली आणि 1876 मध्ये पॅरिसच्या सालाँ या प्रतिष्ठित प्रदर्शनात तिचे चित्र लागले, तरी जगाने तिला फार काळ ओळखले ते दुसऱ्याच्या चित्रातली बाई म्हणूनच.

माझ्या मालिकेतले सातवे चित्र आपल्या दोघींचे आहे, हे तुम्ही जाणताच. त्यात तुमच्या पोटावरच्या वळ्या दोन आहेत, व्रण आहे, आणि तो नेमका कोठे वळतो हे तुम्ही स्वतः बोट ठेवून दाखवले होते. त्या चित्राखालच्या पट्टीवर माझे नाव, माध्यम आणि वर्ष लिहिले आहे. तुमच्यासाठी एक ओळ रिकामी सोडली आहे. तेथे तुमचे पूर्ण नाव लिहिण्याची परवानगी द्यावी, अशी माझी इच्छा आहे. मात्र तुमच्या घरी किंवा नात्यात त्यामुळे अडचण होणार असेल, तर नकार निःसंकोचपणे कळवा. ‘मॉडेल’ हा शब्द मी तेथे लिहिणार नाही, आणि मग काय लिहायचे ते आपण दोघी चित्रापुढे उभ्या राहून ठरवू.

तुमची कृतज्ञ,
खिडकीजवळच्या ईझलवरची विद्यार्थिनी