विषय : पुढच्या दाराचं कुलूप आणि त्यात सापडलेलं व्हिजिटिंग कार्ड

दि. १० जुलै २०२५
सूरसागर, वडोदरा

मा. अध्यक्षसाहेब,
स. न. वि. वि.

या विषयावरचं हे माझं चौथं पत्र. आधीच्या तिन्हींना लेखी उत्तर नाही. तोंडी मिळालं, तेही जिन्यात, "थई जशे, काका," म्हणजे होऊन जाईल. आपण घरी मराठी, माझ्याशीही मराठी; दाराचा विषय निघाला की मात्र गुजरातीवर येता. मी ते मनावर घेतलेलं नाही. नोंद मात्र केली आहे.

परवा रात्री साडेअकराला आईची गोळी घेऊन परत आलो. दार उघडायचं कार्ड खिशातून काढायच्या आत, नुसता कोपर लागला आणि दार उघडलं. वर पाहिलं, तर कुलपाचा चुंबक आणि दारावरची लोखंडी पट्टी यांच्या मध्ये चार घड्या घातलेलं व्हिजिटिंग कार्ड, वर चिकटपट्टी. उघडून वाचलं : चारधाम, गोवा, दुबई, ग्रुप बुकिंगला सवलत. म्हणजे कोणाचं ते मी सांगायला नको. मूळ कार्ड माझ्याकडे जपून ठेवलं आहे, झेरॉक्स सोबत जोडली आहे.

बसवणारा माणूस म्हणाला होता की हे कुलूप ६०० पाउंडचं, म्हणजे २७० किलोचा हिसका सोसतं. सोसत असेल, पण चुंबक पट्टीला सपाट चिकटला तर. मध्ये काडीएवढी फट राहिली की सगळा जोर गेला. दिवा हिरवा-लाल होत राहतो, कार्ड, पिन नाहीतर बोट लावायचं ते मशीन टुंग टुंग करत राहतं, आणि आपण समजतो दार बंद आहे. सोसायटीने ज्यासाठी घरटी वर्गणी काढली ती व्यवस्था पहिल्या मजल्यावरच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसने एका कार्डात निकालात काढली, कारण त्यांच्या गिऱ्हाइकांना खाली बेल वाजवायला लागते.

कार्डाआधी वीट होती. विटेआधी तुळशीची रिकामी कुंडी. महाशिवरात्रीला तर कुंडी दिवसभर दारात होती. त्या संध्याकाळी शिवजींची सवारी आणि सूरसागर तलावाची महाआरती बघायला अख्खं शहर काठावर लोटतं, हे आपल्याला माहीत आहे. तलावातल्या १११ फुटी शंकराच्या मूर्तीचं दर्शन आपल्या जिन्याच्या खिडकीतून फार छान होतं, हे त्या दिवशी बऱ्याच लोकांना समजलं. रात्री माझ्या दारासमोर शेंगांची टरफलं होती आणि एक कुटुंब दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसून सेव-उसळ खात होतं. मी त्यांना काही बोललो नाही. त्यांनी मला "या, बसा" म्हटलं. माझ्याच जिन्यात.

ट्रॅव्हल्सवाल्यांशी माझं वैयक्तिक काही नाही. त्यांच्या मुलाच्या लग्नात मी जेवून आलो आहे. पण उपविधींत सामायिक जागेत अडथळा करू नये असं स्पष्ट लिहिलं आहे, आणि कुंडी हा अडथळाच आहे. तळमजल्यावरच्या चष्मेवाल्यांचंही हेच मत आहे. त्यांनी तसं शब्दांत म्हटलं नाही, पण मी सांगत होतो तेव्हा दोनदा मान हलवली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूही माझ्याच बाजूच्या आहेत; फक्त त्यांचं नाव घालू नका असं त्या म्हणाल्या.

आता पिनचं. २०२३ च्या दिवाळीत मशीन बसलं तेव्हा जो पिन ठरला तोच आजही चालू आहे, आणि खाली दुकानं, मध्ये ऑफिसं, वर अठरा बिऱ्हाडं, सगळ्यांना तोच. कीपॅड कधी जवळून पाहिलाय? चार बटणांवरचे आकडे घासून पुसट झालेत, बाकीची सहा कोरी करकरीत. चार आकड्यांच्या मांडण्या होतात चोवीस. चहा निवेपर्यंत चोराचं काम होईल. मी स्वतः हा पिन फक्त दूधवाल्याला, पेपरवाल्याला आणि कामाच्या ताईंना दिला आहे. ती वर्षानुवर्षांची माणसं आहेत, त्यांची गोष्ट वेगळी.

आणि जिच्यासाठी दार सहज उघडायला हवं ती माझी आई, वय ८४. तिच्या बोटांच्या रेषा भांडी घासून घासून गेल्यात, त्यात पावसाळ्यात बोट ओलं. मशीन म्हणतं, "प्लीज ट्राय अगेन." आई पदराला बोट पुसते, पुन्हा लावते. पुन्हा तेच. मग ती त्याला समजावते, "अरे बाबा, रोजचीच आहे मी." तिला कार्ड द्या म्हणून मी जानेवारीत अर्ज दिला. ट्रॅव्हल्सच्या सोडून गेलेल्या ड्रायव्हरचं कार्ड मात्र अजून चालतं. तो मागच्या रविवारी आला, टुंग, आत. मी विचारलं तर म्हणाला, छत्री राहिली होती.

गेल्या ऑगस्टची आठवण करून द्यायला मला आवडत नाही, पण करून देतो. विश्वामित्री नदी ३७ फुटांवर गेली, जिथे २६ फूट ही धोक्याची पातळी, आणि आपल्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी आलं. मशीनची सगळी सूत्रं ज्या पेटीत, ती पेटी पार्किंगच्या भिंतीला, बरोबर गुडघ्याच्या उंचीवर. बसवतानाच मी म्हटलं होतं, चार मीटर वायर जास्त लागू दे, पेटी जिन्याच्या वळणावर घ्या. तलावाकाठी राहतो आपण, डोंगरावर नाही. लाईट गेली, बॅटरी पाण्यात, आणि हे कुलूप करंट गेला की उघडतं. ते तसंच असायला हवं, आगीत माणसं अडकू नयेत म्हणून. त्याला माझा विरोध नाही. पण दोन रात्री दार सताड उघडं होतं आणि खुर्ची टाकून दारात बसलो मी. शहरात लोकांच्या अंगणात मगरी निघत होत्या त्या दिवसांत. पाणी ओसरल्यावर पेटी पुसली, नवी बॅटरी घातली आणि त्याच जुन्या खिळ्यांवर परत लावली. यंदाचा पावसाळा सुरू झाला आहे. पेटी तिथेच आहे.

एवढी आगीची काळजी, तर मागच्या जिन्याचं दार साखळदंडाने का बांधलंय? राजकोटच्या गेम झोनच्या आगीत मे २०२४ ला २७ जीव गेले, त्यानंतर गुजरातभर तपासण्या झाल्या. आपण तेव्हा साखळी काढली आणि दिवाळीत परत लावली. किल्ली खजिनदारांकडे, खजिनदार मुलीकडे कॅनडाला. पुढे किल्ली न लागणारं दार आणि मागे किल्ली सापडणार नाही असं दार, हे मी कुठल्या नियमात बसवू?

सोडून गेलेल्या भाडेकरूंचे अंगठे अजून मशीनमध्ये आहेत. काम संपलं की माहिती पुसावी, असं वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा म्हणतो. तेवढं बघा.

माझं मागणं फार नाही. पावसाने जोर धरायच्या आत पेटी वर घ्या. पिन बदला, नवा प्रत्येक घराला वेगळा द्या. मागची साखळी काढून आतून दांडा दाबला की उघडेल असं कुलूप लावा, बाजारात मिळतं. आईला कार्ड. आणि ट्रॅव्हल्सवाल्यांना लेखी समज, नोटीस बोर्डावर, सर्वांना दिसेल अशी. दंड करायचा की नाही ते समितीने ठरवावं. मी आकडा सुचवत नाही. सुचवला तर दोन हजार सुचवीन.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास हेच पत्र सर्वसाधारण सभेत वाचून दाखवीन. मराठीतून.

आपला,
तिसरा मजला, तलावाकडची बाजू

ता. क. माझ्या दाराबाहेरच्या चपलांच्या रॅकबद्दल कोणी आपल्याकडे आलं असेल तर तो विषय वेगळा आहे. रॅक भिंतीला लागून आहे, आणि त्याने कुठलंच दार उघडं राहत नाही.