ताई, त्या लाल मण्यासाठी आभार

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

जैवरसायनाच्या पेपरात मी आपटले, तेव्हा तुझं स्वतःचं काम तुंबलेलं होतं. तरी तू मला प्रयोगशाळेत समोर बसवलंस. त्या वेळी आभार मानायचे राहिले, ते आज सगळ्यांदेखत मानते.

ग्लुकोजच्या दोन रूपांबद्दल वर्गात आमच्याकडून एवढंच घोकून घेतलं होतं: खाली अल्फा, वर बीटा. कशाच्या खाली, हे विचारायची सोय नव्हती. ग्लुकोजचं वलय षटकोनी, म्हणजे सहा कोपऱ्यांवर सहा कार्बन, असं मी तुला छातीठोकपणे सांगितलं. तू हसली नाहीस. मण्यांचा संच पुढे सरकवलास आणि म्हणालीस, "बनव."

काळा मणी कार्बन, लाल ऑक्सिजन, पांढरा हायड्रोजन. सहा काळे मणी ओळीने जोडले, लाल-पांढरे लावले. आता साखळी वाकवून पाचव्या कार्बनचा ऑक्सिजन पहिल्या कार्बनला जोडायचा होता. दोनदा काडी निसटली, तिसऱ्यांदा खट्कन बसली. मोजलं तर वलयात काळे पाचच, आणि एक लाल! सहावा कार्बन बाहेर लोंबत होता. इतके दिवस चित्रात समोर असून तो लाल मणी मला दिसलाच नव्हता. पहिल्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) वलयाच्या खाली पडला की वर, त्यावरून अल्फा की बीटा, हे मग वेगळं सांगावं लागलं नाही.

पण खरी उजळणी झाली पोलरिमीटरपाशी, म्हणजे द्रावणातून जाताना ध्रुवित प्रकाश किती अंश फिरतो ते मोजणाऱ्या यंत्रापाशी. शुद्ध अल्फा ग्लुकोज पाण्यात विरघळवलं की विशिष्ट भ्रमण (त्या फिरण्याचं प्रमाणित माप) +112 अंशांवरून उतरत +52.7 वर स्थिरावतं, हे पुस्तकात होतंच. तू मला तो आकडा घसरताना बघत बसवलंस. वलय उघडतं, पुन्हा मिटतं, मिटताना कधी अल्फा होतं कधी बीटा. शेवटी साधारण 36 टक्के अल्फा, 64 टक्के बीटा. उघडी साखळी एका वेळी 1 टक्क्याहूनही कमी, पण सगळी ये-जा तिच्यातूनच.

"आणि या दाराला कुलूप लागलं तर?" तू विचारलंस. त्या प्रश्नाने माझं डोकं उघडलं. पहिला कार्बन शेजारच्या ग्लुकोजच्या चौथ्या कार्बनशी ऑक्सिजनने बांधला गेला, पाण्याचा एक रेणू निघून गेला, की ते वलय आता उघडत नाही. अल्फा असेल तर अल्फाच राहतं. अल्फा बंधांची साखळी वळत जाते, तो स्टार्च. बीटा बंधांत प्रत्येक पुढचं ग्लुकोज उलटं बसतं, साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळ्यांना हायड्रोजन बंधांनी चिकटते. ते सेल्युलोज, कापसातलं आणि लाकडातलं. आपली विकरं (एन्झाइम) अल्फा बंध तोडतात, बीटापुढे हात टेकतात. मणी तेच, फरक एका कार्बनवरच्या दिशेचा. हे कळल्यावर पाठ करायला फारसं काही उरलंच नाही. पुढच्या वेळी पेपर सुटला.

एका बाबतीत मात्र अजून पटलेलं नाही. वलय खुर्चीसारखं वाकलेलं असतं म्हणून रसायनशास्त्रज्ञ हॅवर्थ यांच्या पद्धतीने काढलेल्या वलयाच्या सपाट चित्रावर तुझा राग. चुकीचं असेल, पण वर-खाली झटकन कळायला मला तेच लागतं. त्यांना 1937 साली नोबेल मिळालंय, ताई! भेटल्यावर भांडू.

तुझी,
आपटलेली विद्यार्थिनी