गाडी मनालीत ठेवण्याआधी पाणी कसं काढायचं

कोथरूड, पुणे

तीर्थरूप आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

आपली कॅम्परव्हॅन, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, हिवाळाभर मनालीतच ठेवून दिवाळीला घरी यायचं ठरवलंत, ते बरं केलंत. मे-जूनमध्ये लाहौलला जायचंच आहे, मग दोन हजार किलोमीटर आणायची आणि परत न्यायची कशाला. फक्त निघायच्या आदल्या दिवशी गाडीतलं पाणी नीट काढलं गेलं पाहिजे. फोनवर सांगितलं की निम्मं राहून जातं, म्हणून सगळं लिहूनच पाठवते आहे.

पुण्यात पाइपातलं पाणी गोठत नाही. इथला आजवरचा नीचांक १.७ अंश, तोही १९३५च्या जानेवारीतला. मनालीत मात्र जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली जाणं नेहमीचंच. पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे नऊ टक्के वाढतं. पाइपात मधेच बर्फाचा बोळा धरला, की तो आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावर दाब चढत जातो आणि जिथे जोड नाजूक तिथे फुटतं. आपला पाइप पेक्सचा, म्हणजे लवचीक प्लास्टिकचा आहे, तो थोडा ताणला जाईल. पण जोडाचे प्लास्टिकचे कोपरे, फिल्टरची वाटी, पंपाचं डोकं, नळातली सिरॅमिकची चकती यांना तो ताण सोसत नाही. शिवाय फुटलेलं तेव्हा कळतही नाही. मे महिन्यात टाकी भरून पंप लावाल, तेव्हा पलंगाखालून पाणी येईल.

बाबा, म्हणूनच नुसती टाकी रिकामी करून भागत नाही. पाणी उरतं ते पंपात, गीझरमध्ये, शॉवरच्या लवचीक नळीत आणि सिंकखालच्या वाकड्या पाइपात, म्हणजे ट्रॅपमध्ये.

गीझर आदल्या रात्रीच बंद करा, सकाळपर्यंत पाणी गार होऊ द्या. काम दुपारी उन्हात करा. आधी गरम पाण्याचा एक नळ उघडून दाब सोडा, मग गीझरचा खालचा कॉक उघडा आणि सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी वर उचलून ठेवा. वरून हवा आत शिरली नाही तर तोंडावर बोट धरलेल्या नळीसारखं पाणी आतच अडून राहतं. दहा लिटर पाणी येईल. बादलीत घेऊन मोजा. सात-आठवरच थांबलं तर दांडी पुन्हा हलवा.

पिण्याच्या पाण्याची टाकी ८० लिटरची आहे. कॉकची बाजू थोडी उताराला येईल अशी गाडी उभी करून सोडून द्या. पलंगाखालचे लाल आणि निळे दोन्ही कॉक उघडा, सगळे नळ उघडा, शॉवरची तोटी खाली फरशीवर ठेवा. पाणी थांबलं की पंप अर्धा मिनिट चालवून बंद करा. फिल्टरचं कार्ट्रिज काढून टाकून द्या, वाटी पुसून पुन्हा लावा. पंपाआधीची छोटी जाळीही धुऊन घ्या.

टायरमध्ये हवा भरायच्या आपल्या छोट्या पंपाने पाइप फुंकू नका. त्याचा दाब चढतो, पण वारा पुरत नाही. हवा पाण्यावरून निसटते आणि पाणी जागच्या जागी राहतं. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर तर लावूच नका. या जोडांना ३०-४० पीएसआयच्या वर दाब नको आणि त्याच्याकडे ट्रकच्या टायरचा दाब असतो.

आता मुख्य काम. मागच्या निळ्या क्रेटमध्ये पाच लिटर प्रोपिलीन ग्लायकॉल ठेवलंय, खाद्य प्रतीचं. त्यात तितकंच पाणी घातलं की दहा लिटर होतं आणि ते उणे तीसच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही. एकदम दहा लिटरचा कॅन उचलू नका. पाच लिटरच्या डब्यात अडीच-अडीच असं दोनदा करा. ग्लायकॉलला रंग नसतो, म्हणून प्रत्येक डब्यात चिमूटभर लाल खायचा रंग घाला. नळातून पाणी येतंय की मिश्रण, हे रंगावरूनच कळेल.

बाबा, दुकानदार म्हणेल रेडिएटरचं कूलंट घाला, तेही गोठत नाही. ते इथे कधीही घालू नका. ते बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड आणि विषारी. ज्या नळाचं पाणी तुम्ही पिणार, त्यात त्याचा थेंबही जाता कामा नये.

मिश्रण ओढायच्या आधी लाल-निळे कॉक आणि सगळे नळ बंद करा. गीझरचे दोन कॉक बंद करा आणि मधला आडवा कॉक उघडा. हे विसरलं तर दहाही लिटर गीझरच पिऊन टाकेल आणि नळांना काही उरणार नाही. मग पंपाआधीचा तिठ्याचा कॉक आखूड नळीकडे वळवा, नळी डब्यात बुडवा आणि पंप लावा. पंपाच्या सर्वांत जवळच्या नळापासून सुरू करून एकेक उघडा, आधी गार मग गरम बाजू. सुरुवातीला फिकट येईल, कारण उरलेलं पाणी त्यात मिसळलेलं असतं. गडद लाल येईपर्यंत थांबा, मग पुढचा नळ. सिंक, बेसिन, शॉवर, टॉयलेटचा फ्लश आणि मागच्या दारातला बाहेरचा नळ. हा शेवटचा हमखास राहतो. डबा संपत आला की पंप थांबवून दुसऱ्यात नळी घाला. निदान एक लिटर मात्र शिल्लक ठेवा. झालं की पंप बंद करून एक नळ क्षणभर उघडा आणि दाब सोडून द्या.

शिल्लक राहिलेल्यातून सिंक, बेसिन आणि शॉवरच्या जाळीत एकेक मोठा कप ओता. आई, यानंतर सिंकमध्ये पेलाभर पाणीसुद्धा टाकायचं नाही. तुला निघताना सिंक घासून लख्ख केल्याशिवाय चैन पडत नाही, मला माहीत आहे. या वेळी ते सगळ्यात आधी कर. नंतर ओतलेलं पाणी ट्रॅपमधलं मिश्रण ढकलून स्वतः तिथे बसतं आणि गोठतं. लाल डाग पडले तर ओल्या फडक्याने टिपून घे.

टॉयलेटची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी मैल्याची टाकी, हॉटेलच्या संडासातच रिकामी करा, कुठल्याही नाल्यात नको. तिथला प्रत्येक नाला बियासला मिळतो. दोनदा साध्या पाण्याने विसळा आणि झाकण सैल ठेवून वाळू द्या. वरची सरकती झडप उघडीच ठेवा, नाहीतर रबर चिकटून बसतं. रबराला सिलिकॉन ग्रीसच लावा. व्हॅसलीनने किंवा खोबरेल तेलाने ते फुगतं. सांडपाण्याची टाकीही अशीच संडासात किंवा चेंबरमध्ये सोडा. तिचा कॉक हिवाळाभर उघडा राहू दे, फक्त तोंडाला बारीक जाळी बांधा.

गाडीखाली बाबांनी मुळीच झोपायचं नाही. गुडघा अजून पूर्ण बरा नाही. हॉटेलवाल्यांकडून एक प्लंबर मुलगा बोलावून घ्या, तो खालचे कॉक पाहील. तुम्ही वरून सांगा.

वायपरच्या पाण्याची बाटली विसरू नका, ती पुण्याहून साध्या पाण्याने भरून गेली आहे. इंजिनातल्या कूलंटमध्येही वाटेत कुणी नुसतं पाणी घातलं असेल तर गॅरेजमध्ये ते किती अंशांपर्यंत टिकेल हे तपासून घ्या. तिथे पाणी गोठलं तर इंजिनाचा ब्लॉक तडकतो, तो खर्च पाइपाच्या कितीतरी पट. काचेच्या भरलेल्या बाटल्या, लोणच्याच्या रसाळ बरण्या गाडीत ठेवू नका.

शेवटी पंपाचा फ्यूज काढा आणि गीझरच्या बटणावर चिकटपट्टी लावून "टाकी रिकामी" असं लिहा. रिकाम्या गीझरची कॉइल बटण दाबताच जळते.

मे महिन्यात आधी सगळे नळ लाल रंग जाईपर्यंत सोडायचे, मग गीझर जोडायचा. भरलेल्या ८० लिटरला जंतू मारायला पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट ८० मिली घालून ते प्रत्येक नळापर्यंत ओढायचं, चार तास ठेवायचं आणि वास जाईपर्यंत धुवायचं. सगळे नळ बंद असताना पंप मधूनमधून आपोआप लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे असं समजा. तसं झालं तर पंप बंद करून मला फोन करा, कुठला जोड ते आपण व्हिडिओ कॉलवर शोधू. जोडाचे चार जादा कोपरे बोहरी आळीतून आणून त्याच निळ्या क्रेटच्या तळाशी ठेवले आहेत.

तुमची,
धनू